पाण्यातील काजळी आणि सूक्ष्मजीव

(म्हैसूर येथे भाषांतरकार व वाचक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



ज्या नगरात १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि जेथून राष्ट्रीय अनुवाद मिशनचे कार्य चालते, त्या म्हैसूर नगरीत भाषांतराविषयी बोलावयाचे म्हणजे एक प्रकारचे धाडसच होय. म्हणून भाषांतराच्या तत्त्वांविषयी मी आज काही बोलणार नाही. मी केवळ एका वाक्याविषयी बोलणार आहे. पाण्याच्या शुद्धतेवरील एका ग्रंथात ते वाक्य आले, माझ्या हातून ते मराठीत चुकीचे उतरले, आणि ती चूक दुरुस्त करीत असताना मला जे शिकावयास मिळाले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

वाक्य असे होते : पाण्यातील कार्बनचे अब्जांश कण सूक्ष्मजीवांना विषारी असतात.

वाक्य लहान आहे, शब्द परिचयाचे आहेत आणि मराठीच्या दृष्टीने त्यात खटकण्यासारखे काही नाही. परंतु हस्तलिखित तपासण्यासाठी एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांकडे गेले होते, ते परत आले तेव्हा या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात चार छोटे प्रश्न लिहिलेले होते. कोणता कार्बन? कसा तयार केलेला? कोणत्या पाण्यात? कोणाला विषारी? मी मूळ ग्रंथ पुन्हा उघडला. मूळ लेखकाने तेथे ‘असू शकतात’ या अर्थाचे क्रियापद योजले होते. वाक्य ठसठशीत व्हावे म्हणून ते मी ‘असतात’ असे केले होते. साहित्याचा अभ्यास केलेल्या माणसाला ठसठशीत वाक्याचा मोह पडतो. मलाही तो पडला.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. एखाद्या तालुक्याच्या गावातील ग्रंथालयात बसलेल्या वाचकाची कल्पना करा. या विषयावरचे दुसरे मराठी पुस्तक त्याच्या हाताशी असेलच असे नाही. माझे वाक्य वाचून तो दोनपैकी एक निष्कर्ष काढील. कार्बन विषारी, म्हणून घरातील कोळशाचा गाळक फेकून द्यावा, हा एक. आणि कार्बन जंतूंना मारतो, म्हणून कोळशातून गाळलेले पाणी निर्जंतुक झाले, ते लहान मुलास निर्धास्तपणे द्यावे, हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांपैकी दुसरा तर जीवावर बेतणारा आहे. म्हणून त्या चार प्रश्नांची उत्तरे शोधणे मला भाग पडले.

प्रथम ‘अब्जांश’ या शब्दाविषयी. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक. आपल्या आतड्यात राहणारा ‘एश्चेरिकिया कोलाय’ हा जीवाणू, ज्याला संक्षेपाने ई. कोलाय म्हणतात, एक ते दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. दिव्याच्या काजळीतील मूळ कण काही दशक नॅनोमीटर व्यासाचे असतात. १९८५ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना कार्बनच्या साठ अणूंचा, चेंडूसारखा पोकळ असा जो रेणू सापडला आणि ज्यासाठी त्यांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तो ‘फुलरिन’ किंवा सी-६० जेमतेम एका नॅनोमीटरचा आहे. १९९१ साली जपानमध्ये सुमियो इजिमा यांनी ज्यांचे वर्णन केले त्या कार्बनच्या नलिका केसाहून हजारो पटींनी बारीक असतात. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी वेगळे केलेले ‘ग्राफीन’ हे तर एका अणूच्या जाडीचे कार्बनचे पत्र होय. काजळी, चेंडू, नळी आणि पत्र : द्रव्य एकच, आकार चार. यावरून पहिल्या प्रश्नाचा रोख ध्यानात येईल. ‘कार्बनचे कण’ असे एकच नाव देऊन आपण चार निरनिराळ्या वस्तूंबद्दल बोलत असतो.

यांपैकी पाण्यातील काजळी ही आपल्याला मुळीच नवी नाही. आपल्या जुन्या पोथ्यांची काळी शाई दिव्यावर धरलेली काजळी डिंकाच्या पाण्यात दीर्घकाळ घोटून करीत असत. नुसती काजळी पाण्यात टाकली तर ती तरंगते किंवा गोळे होऊन तळाशी बसते. डिंक तिच्या कणाकणाला वेढून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, आणि म्हणून शाई एकजीव राहते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर दौतीतील शाई म्हणजे पाण्यात विखुरलेले कार्बनचे अब्जांश कणच होत. हीच युक्ती शास्त्रज्ञांनी पुढे नव्या वस्तूवर वापरली. २००२ साली इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठात राजदीप बंद्योपाध्याय व त्यांचे सहकारी यांनी कार्बनच्या नलिका बाभळीच्या कुळातील झाडाच्या डिंकाने पाण्यात सुट्या करून दाखविल्या. २००५ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सब्यसाची सरकार यांच्या गटाने तर मोहरीच्या तेलाच्या काजळीतूनच पाण्यात मिसळणाऱ्या नलिका मिळविल्या.

आता एक साधी गोष्ट आठवून पाहा. डिंकाची शाई फार दिवस ठेवली की तिला बुरशी धरते. तसे होऊ नये म्हणून शाईत लवंगेचे तेल किंवा कार्बोलिक आम्ल घालण्याची रीत होती. कार्बनचे सूक्ष्म कण स्वभावतःच सूक्ष्मजीवांचे मारक असते, तर दौतीत बुरशी वाढली नसती आणि शाई टिकविण्यासाठी लवंगेची आवश्यकताही पडली नसती. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे हे मी जाणतो. शाईतील कण गोलसर असतात आणि डिंकाने वेढलेले असतात. परंतु ‘कार्बन म्हणजे विष’ हे समीकरण सरसकट मांडता येणार नाही, एवढे दौतीनेच आपल्याला सांगितले आहे.

मग ‘विषारी’ हा शब्द आला कोठून? त्याचा उगम खऱ्याखुऱ्या प्रयोगांत आहे. सी-६० हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तथापि योग्य रीतीने मिसळला असता त्याचे अनेक रेणू एकत्र येऊन सुमारे २५ ते ५०० नॅनोमीटरचे पुंजके बनतात आणि ते पाण्यात महिनोन् महिने तरंगत राहतात. २००५ साली राइस विद्यापीठातील जॉन फॉर्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पुंजके जीवाणूंच्या संवर्धनात घातले, तेव्हा लिटरला ०.४ मिलिग्रॅमहून थोड्या अधिक मात्रेत जीवाणूंची वाढ खुंटलेली त्यांना आढळली. ही मात्रा फारच अल्प होती. जो रेणू पाण्यात विरघळत नाही म्हणून निरुपद्रवी मानला जात होता, तो पाण्यातील सजीवांवर परिणाम करू शकतो, ही वार्ता महत्त्वाची होती आणि ती गांभीर्याने घेतली गेली हे योग्यच झाले.

येथे समासातील दुसरा प्रश्न पुढे येतो : कसा तयार केलेला? सी-६० पाण्यात उतरविण्याची एक प्रचलित रीत अशी की तो प्रथम टेट्राहायड्रोफ्युरान नावाच्या विद्रावकात विरघळवावयाचा, त्यात पाणी घालावयाचे आणि मग विद्रावक उडवून द्यावयाचा. २००४ साली एव्हा ओबरडॉर्स्टर यांनी अशा पाण्यात ठेवलेल्या माशांच्या मेंदूतील स्निग्ध द्रव्यांना अपाय झाल्याचे नोंदविले होते, आणि त्या वार्तेने पुष्कळ खळबळ उडाली होती. २००७ साली झेब्रा माशाच्या पिलांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात एका पाण्यात विद्रावकाच्या साहाय्याने उतरविलेला सी-६० होता, दुसऱ्यात सी-६० मुळीच नव्हता, परंतु विद्रावकाची प्रक्रिया मात्र तशीच केलेली होती, आणि तिसऱ्यात सी-६० केवळ पाण्यात ढवळून मिसळलेला होता. पहिल्या दोन्ही पाण्यांत पिलांना अपाय झाला. तिसऱ्यात पिले जगली. दोष कार्बनकडे नव्हता, विद्रावकाच्या विघटनातून मागे राहिलेल्या द्रव्यांकडे होता. एखाद्या भांड्यात शिजविलेले अन्न बाधले म्हणून अन्नाला दोष द्यावा आणि कल्हई उडालेल्या भांड्याकडे पाहूच नये, असा तो प्रकार झाला होता.

यावरून सर्व काही विद्रावकाचीच करणी होती असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसेही नाही. राइस विद्यापीठातच पेद्रो अल्वारेझ यांच्या गटाने २००६ साली चार निरनिराळ्या रीतींनी, त्यांपैकी काही विद्रावकाशिवाय, सी-६० चे पाणी तयार केले. चारही पाण्यांनी जीवाणूंना रोखले. मात्र त्यांचे सामर्थ्य सारखे नव्हते, आणि पुंजके जितके लहान तितका परिणाम अधिक तीव्र होता. म्हणजे माशांच्या बाबतीत जो उलगडा झाला तो जीवाणूंना जसाच्या तसा लागू पडत नाही. विज्ञानाच्या भाषांतरकाराची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते. एक विधान खोटे ठरले की त्याच्या उलट विधान आपोआप खरे ठरत नाही.

कार्बनच्या नलिकांची गोष्ट वेगळी आहे. येल विद्यापीठातील मेनाखेम एलिमेलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली धातूंचे अवशेष बव्हंशी काढून टाकलेल्या एकपदरी नलिका घेतल्या आणि त्यांचा ई. कोलायशी संपर्क घडवून आणला. नलिकांना चिकटलेल्या जीवाणूंचे बाह्य पटल फाटले आणि त्यांच्या आतील द्रव्य बाहेर पाझरले. पुढील वर्षी त्याच गटाने एकपदरी आणि बहुपदरी नलिकांची तुलना केली. अधिक बारीक अशा एकपदरी नलिका अधिक मारक ठरल्या. येथे विष या शब्दाचा नेहमीचा अर्थ अपुरा पडू लागतो. सोमल पोटात जातो, रक्तात मिसळतो आणि देहाच्या व्यापारात बिघाड करतो. नलिका मात्र प्रथम स्पर्शाने इजा करते. जो जीवाणू तिच्या संपर्कात आला त्याला ती बाधते, जो दूर राहिला तो बहुधा वाचतो. विष आणि काटा यांत जो भेद आहे तोच येथे आहे.

ग्राफीनच्या बाबतीत तर दोन विरुद्ध टोकांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१० साली तेहरानच्या शरीफ विद्यापीठातील अखवान व गादेरी यांनी ग्राफीनच्या उभ्या पत्रांच्या धारदार कडा जीवाणूंचे पटल कापतात असे दाखविले. २०११ साली दुसऱ्या एका गटाने ग्राफीन ऑक्साइड घातलेल्या पाण्यात जीवाणू मरण्याऐवजी अधिक वेगाने वाढतात असे जाहीर केले; ती पत्रे जीवाणूंना बसावयास जणू पाट म्हणून उपयोगी पडत होती. सामान्य वाचक येथे वैतागून म्हणेल की शास्त्रज्ञांचे एकमत होईल तेव्हा आम्हाला सांगा. परंतु २०१६ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी या विसंगतीमागचे एक कारण दाखवून दिले. ग्राफीन ऑक्साइड तयार करताना तीव्र आम्ले वापरावी लागतात. जो नमुना पुरेसा धुतलेला नव्हता तो जीवाणूंना मारक ठरला आणि जो पुन्हा पुन्हा धुऊन शुद्ध केला होता तो निरुपद्रवी ठरला. सगळ्या विसंगतींचा उलगडा एवढ्याने होत नाही, हे खरे. तथापि ‘कसा तयार केलेला?’ हा पेन्सिलीने लिहिलेला तीन शब्दांचा प्रश्न किती मोलाचा होता, ते मला येथे कळले.

मोजणीतही फसगत होते. जिवंत पेशींची संख्या अजमावण्यासाठी प्रयोगशाळेत एक रंगद्रव्य वापरतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करते आणि रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत असे मानले जाते. २००६ साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांना आढळले की हे जांभळे स्फटिक कार्बनच्या नलिकांनाच चिकटून बसतात आणि रंग फिका दिसतो. पेशी जिवंत होत्या; रंग मात्र त्या मेल्या असे सांगत होता. मापन करणारे साधन आणि मोजावयाची वस्तू यांनी आपसांत संगनमत केले तर साक्ष कोणाची मानावयाची? म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक एकाच चाचणीवर विसंबत नाहीत. जीवाणू पुन्हा संवर्धनात वाढवून त्यांच्या वसाहती मोजणे यासारखी दुसरी पद्धत ते जोडीला घेतात.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : कोणत्या पाण्यात? प्रयोगशाळेतील पाणी बहुधा शुद्ध आणि क्षाररहित असते. नदीचे पाणी तसे नसते. कावेरीच्या पाण्यात क्षार आहेत, माती आहे, कुजलेल्या पानांतून उतरलेली तपकिरी सेंद्रिय द्रव्ये आहेत. क्षारांमुळे कार्बनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व तळाशी बसतात. सेंद्रिय द्रव्ये कणांवर लेप चढवितात. डिंकाने काजळीवर चढवावा तसाच. अल्वारेझ यांच्या गटाने २००८ साली दाखविले की अशी सेंद्रिय द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असली तरी सी-६० ची जीवाणूरोधक शक्ती नाहीशी होते. परंतु येथेही घाई करून चालणार नाही. एलिमेलेक यांच्या गटाने २००९ साली नदीचे पाणी आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी घेऊन कार्बनचे चार प्रकार तपासले. तेथेही एकपदरी नलिका सर्वाधिक मारक ठरल्या. सेंद्रिय द्रव्यांमुळे नलिकांना चिकटणाऱ्या जीवाणूंची संख्या घटली. पण जे चिकटले त्यांची सुटका झाली नाही.

या निष्कर्षाचा या शहराशी काय संबंध, ते सांगतो. येथून जवळच, विद्यापीठाच्या परिसरात, कुक्करहळ्ळीचे तळे आहे. मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांच्या काळात, १८६४ साली ते बांधले गेले. सकाळी फिरावयास येणारे लोक त्यातील बगळे आणि करकोचे पाहतात. ज्यांच्या बळावर ते तळे जगते ते सूक्ष्मजीव कोणाला दिसत नाहीत. मोरीचे पाणी तळ्यात शिरले की त्यातील घाण पचविण्याचे काम हेच जीवाणू करतात. नगराचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत तर यंत्रे केवळ हवा पुरविणे, पाणी ढवळणे एवढेच करतात. खरे शुद्धीकरण जीवाणूंकडून होते. दवाखान्यात जो गुण औषध मानला जाईल, म्हणजे जीवाणू मारणे, तोच गुण तळ्यात व सांडपाण्याच्या हौदात अनर्थकारक ठरेल. म्हणून चौथा प्रश्न : कोणाला विषारी? रोग पसरविणाऱ्या जीवाणूला, की आपली घाण निस्तरणाऱ्या जीवाणूला? कण हा भेद करीत नाही. तो करावयाचा झाला तर आपल्यालाच करावा लागतो.

तेव्हा भय बाळगावे काय? मात्रेचा विचार केल्यावाचून याचे उत्तर देता येत नाही. २००९ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी युरोप व अमेरिका यांसाठी गणिती अंदाज मांडले. त्यांनुसार नद्या-सरोवरांच्या पाण्यात फुलरिन व नलिका यांचे प्रमाण लिटरला एका नॅनोग्रॅमच्याही लहानशा अंशाएवढे येते. फॉर्टनर यांच्या प्रयोगातील ०.४ मिलिग्रॅम म्हणजे चार लाख नॅनोग्रॅम होत. हे अंतर प्रचंड आहे. शिवाय पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली सांडपाण्याच्या गाळातील, हवेवाचून जगणाऱ्या जीवाणूंच्या समूहात सी-६० मिसळून दीर्घकाळ निरीक्षण केले, तेव्हा त्या समूहावर लक्षणीय परिणाम झालेला दिसला नाही. यावरून आज नदीकाठच्या माणसाने झोप उडवून घेण्याचे कारण नाही असे म्हणता येते. परंतु जेथे अशा नलिका तयार होतात किंवा मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात, तेथील सांडपाणी थेट सोडून देण्यासही या अंदाजांचा आधार घेता येणार नाही. नदीचा अंदाज नदीपुरता असतो. कारखान्याच्या मोरीला तो लागू नाही.

आता मी आरंभी उल्लेखिलेल्या वाचकाकडे, त्याच्या घरातील गाळकाकडे परत येतो. नारळाच्या करवंटीचा कोळसा विशिष्ट रीतीने तापवून त्यात असंख्य छिद्रे निर्माण केली की तो ‘सक्रियित कोळसा’ होतो. पाण्यातील दुर्गंध, रंग, क्लोरीन आणि कित्येक घातक सेंद्रिय द्रव्ये तो शोषून घेतो. परंतु तो जंतू मारीत नाही. उलट क्लोरीन शोषून घेतल्यामुळे जंतूंवरचा पहारा उठतो, शोषलेली द्रव्ये त्यांना अन्न म्हणून मिळतात आणि छिद्रांत आसरा लाभतो. काही काळाने गाळकातील कोळसाच जीवाणूंची वसाहत बनू शकतो. म्हणूनच अनेक गाळकांतील कोळशावर चांदी बसविलेली असते. ज्या बंद्योपाध्यायांनी डिंकाने नलिका सुट्या केल्या, त्यांनीच पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत चांदीचे अब्जांश कण सक्रियित कोळशावर बसवून पाणी निर्जंतुक करण्यावर काम केले. दीर्घकाळ वाहत्या पाण्यातील ई. कोलाय त्या मिश्रणाने मारल्याचे वृत्त त्यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केले. त्या जोडीत जंतू मारण्याचे काम चांदीचे आहे. कोळसा तिला धरून ठेवतो.

चांदीचा विषय म्हैसूरकरांना सांगावयास नको. मतदाराच्या बोटावर लावली जाणारी न पुसणारी शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून याच नगरातील म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कारखान्यातून जाते, आणि तिच्यातील मुख्य द्रव्य सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार, हे आहे. चांदीच्या कणांविषयीही हाच वाद होता : मारतो तो कण, की कणातून सुटणारा चांदीचा विद्युत्भारित अणू? २०१२ साली अल्वारेझ यांच्याच गटाने प्राणवायू पूर्णपणे दूर ठेवून प्रयोग केला. प्राणवायूवाचून कणातून चांदी सुटत नाही. आणि त्या स्थितीत कणांनी जीवाणूंना जवळजवळ काहीच केले नाही. मारक होते ते कणातून सुटलेले द्रव्य. कार्बनच्या कणातून असे काही सुटत नाही. तो मारतो तेव्हा स्पर्शाने, धारेने किंवा अंगाला चिकटून राहिलेल्या परद्रव्याने मारतो. आणि पुष्कळदा तो मारीतच नाही. एकाच ‘विषारी’ या शब्दाखाली आपण या सर्व गोष्टी एकत्र कोंबतो.

मराठीत त्यासाठी शब्द नाहीत असे मुळीच नाही. जे जीवाणू मारते ते जीवाणुनाशक. जे त्यांची वाढ थांबविते पण त्यांना मारीत नाही ते वाढरोधक. जे पटलाला इजा करते ते पटलभेदक म्हणता येईल. फॉर्टनर यांच्या प्रयोगात वाढ खुंटली होती, एलिमेलेक यांच्या प्रयोगात पटल फाटले होते. पहिल्याला वाढरोध म्हणावे आणि दुसऱ्याला इजा. ‘विषारी’ हा शब्द टाकून द्या असे माझे म्हणणे नाही. परंतु तो वापरताना कोणाला, किती मात्रेत आणि कोठे, हे त्याच्या शेजारी लिहिले पाहिजे. तसे न लिहिता वापरलेला शब्द वाचकाला माहिती देत नाही. तो त्याला एक तर भिववितो, नाही तर निष्काळजी बनवितो.

आपणांस कुतूहल असेल की अखेरीस ते वाक्य कसे छापले गेले. ते असे : ‘कार्बनच्या काही प्रकारांचे अब्जांश कण, विशेषतः एकपदरी नलिका, पुरेशा मात्रेत व प्रत्यक्ष संपर्कात आल्यास पाण्यातील जीवाणूंना इजा करू शकतात, कणांची शुद्धता आणि पाण्यातील अन्य द्रव्ये यांनुसार हा परिणाम वाढतो वा नाहीसा होतो.’ वाक्य लांब झाले. त्यातील ठसा गेला. माझ्या मराठीच्या शिक्षकांनी ते वाचले असते तर त्यांनी कदाचित नाक मुरडले असते. त्याच्या खाली मी प्रकाशकांच्या संमतीने एक छोटी टीप जोडली आहे, आणि मला स्वतःला ती त्या वाक्याहून अधिक महत्त्वाची वाटते : ‘साधा कोळशाचा गाळक पाणी निर्जंतुक करीत नाही. पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळून घ्यावे.’

मित्रहो, विज्ञानाचे पुस्तक आपल्या भाषेत आणताना आपण बहुधा पारिभाषिक शब्दांची चिंता करतो. ‘नॅनो’ला अब्जांश म्हणावे की नॅनोच ठेवावे, यावर आपल्या बैठकी रंगतात. तो विचारही आवश्यक आहे. परंतु माझ्या वाक्यात पारिभाषिक शब्द बरोबर होते. चुकले होते ते केवळ क्रियापद. ‘असतात’ आणि ‘असू शकतात’ यांमधील अंतर पार करावयास शास्त्रज्ञांना अनेक वर्षांचे प्रयोग करावे लागले, आणि अद्यापही ते पुरते पार झालेले नाही. ते अंतर मी लेखणीच्या एका फटकाऱ्याने ओलांडले होते. समासात पेन्सिलीने चार प्रश्न लिहिणारा वाचक मला वेळेवर भेटला, हे माझे भाग्य. ग्रंथालयातील वाचकाला असा शेजारी मिळत नाही. त्याच्या वतीने ते चार प्रश्न आपणच आधी विचारले पाहिजेत.